कसूर कुणाची?



ज्या बाईंच्या स्मरणार्थ आपण आज जमलो आहोत, त्यांची सगळी नोकरी परिविक्षा अधिकारी म्हणून गेली. पोलिसांनी धरून आणलेल्या पोराच्या घरी जायचं, आईबापांशी बोलायचं, शाळेत चौकशी करायची आणि मग अहवाल लिहायचा, हे त्यांचं काम. मी ते त्यांच्या हाताखाली शिकले आणि पुढे बाल न्याय मंडळावर सदस्य म्हणून बसले. ‘बालगुन्हेगार’ हा शब्द बाईंना खपत नसे. कचेरीत कुणी तो उच्चारला की त्या म्हणत, “मुलगा म्हणा. पुढचं मी बघते.” त्यांचा हा आग्रह हळवेपणातून आलेला नव्हता. त्यामागे विचार होता, आणि तो आज आपल्यासमोर उलगडून ठेवावा असं मला वाटलं.

‘बालगुन्हेगारी’ हा आपला शब्द इंग्रजीतल्या ‘जुव्हेनाइल डेलिंक्वेन्सी’वरून आला. त्यातल्या डेलिंक्वेन्सीचं मूळ लॅटिनमध्ये आहे. ‘लिंक्वेरे’ म्हणजे सोडणं, मागे टाकून जाणं. त्याला ‘डे’ हा उपसर्ग लागून ‘डेलिंक्वेरे’ झालं: जे करणं आपल्यावर बंधनकारक होतं ते न करणं, कर्तव्यात उणं पडणं. या अर्थात चोरी नाही, मारामारी नाही. आधी माणसाच्या अंगावर एक जबाबदारी असावी लागते आणि त्याने ती टाकावी लागते, तेव्हा हा शब्द लागू होतो. म्हणजे हा मोठ्या माणसांसाठीचा शब्द होता.

तो वापरलाही तसाच गेला. सतराव्या शतकात इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स आणि पार्लमेंट यांच्यात यादवी युद्ध पेटलं, तेव्हा राजाची बाजू घेणाऱ्या सरदार-जमीनदारांना पार्लमेंटने ‘डेलिंक्वेंट’ ठरवलं. त्यांच्या जमिनी जप्त झाल्या, आणि दंड भरून त्या सोडवून घ्यायच्या तर त्यासाठी स्वतंत्र समिती बसवली गेली. अमेरिकेत मालमत्ता कर थकवणाऱ्याला हाच शब्द आजही लागतो. आपल्या बँकांतही हप्ते थकलेल्या कर्जांच्या तक्त्यावर तो छापलेला असतो. सरदार, करदाता, कर्जदार. यात लहान मूल कुठेच नाही.

मराठीत या मूळ अर्थाला अगदी नेमका शब्द आहे: कसूर. अरबीत या धातूचा अर्थ आखूड असणं, कमी पडणं. फारसीच्या वाटेने तो आपल्या दफ्तरांत आला आणि ‘कर्तव्यात कसूर’ या रूपात सरकारी नोटिशींमध्ये आजही ठाण मांडून आहे. कारकुनाने, हवालदाराने, ग्रामसेवकाने कसूर केली असं आपण म्हणतो. दहा वर्षांच्या मुलाने कर्तव्यात कसूर केली असं कुणी म्हणेल का? जीभच वळणार नाही.

आपल्याकडचा दुसरा शब्द आहे व्रात्य. आज व्रात्य म्हणजे खोडकर, द्वाड पोर. पण धर्मशास्त्रात व्रात्य कोण? मनुस्मृतीप्रमाणे ठरलेल्या वयाच्या मर्यादेत ज्याची मुंज झाली नाही तो. आता मुंज काही मुलगा स्वतःची स्वतः लावत नाही. ती लावायची बापाने. न केलेली गोष्ट वडीलधाऱ्यांची, आणि नाव पडलं मुलाला. लॅटिनमधून निघालेला शब्द असो की संस्कृतातून, दोघांची वाट शेवटी एकाच ठिकाणी पोहोचली आहे: मोठ्यांनी सोडलेल्या कामाचं नाव लहानांच्या कपाळावर. मला आज एवढंच सांगायचं आहे. बाकी सगळा त्याचा इतिहास आहे, आणि तो तपशिलात पाहण्याजोगा आहे.

डेलिंक्वेन्सी हा शब्द मुलांना चिकटला तो काळ ठाऊक आहे. नेपोलियनशी चाललेली युद्धं १८१५ मध्ये संपली. लंडनमध्ये सैनिक परतले, काम मिळेना, धान्य महागलं, आणि रस्त्यावर पोरांच्या टोळ्या दिसू लागल्या. काही भल्या गृहस्थांनी, त्यांत क्वेकर पंथाचे लोक बरेच होते, एक समिती नेमली. लंडनमध्ये लहान मुलांची गुन्हेगारी धास्ती वाटावी इतकी का वाढली याची चौकशी करणं, हे तिचं काम तिच्या लांबलचक नावातच लिहिलेलं होतं. ही मंडळी तुरुंगांत जाऊन पोरांशी प्रत्यक्ष बोलली. त्यांचा अहवाल १८१६ साली आला, आणि त्यातली कारणांची यादी आजही वाचावी अशी आहे. पहिलं कारण आईबापांचं वर्तन. मग शिक्षण नाही, मग योग्य काम नाही, मग रविवार न पाळणं आणि रस्त्यावरचा जुगार. पण समिती इथे थांबली नाही. फौजदारी कायद्याची क्रूरता, पोलिसांची सदोष व्यवस्था आणि खुद्द तुरुंगातला कारभार या गोष्टीही मुलांना गुन्ह्याकडे लोटतात, असं तिने स्पष्ट लिहिलं. किरकोळ चोरीलाही जिथे फाशीची तरतूद होती त्या देशात हे लिहिलं गेलं.

म्हणजे शब्द मुलांना लावला गेला त्याच कागदावर कसूर मोठ्यांची आहे हेही नोंदलं गेलं होतं. पुढच्या काळात पहिली गोष्ट टिकली. दुसरी मागे पडली.

न्यूयॉर्कमध्ये १ जानेवारी १८२५ रोजी ‘हाउस ऑफ रेफ्यूज’ उघडलं. अर्थ आश्रयगृह, पण ते चालवणाऱ्या संस्थेच्या नावात ‘जुव्हेनाइल डेलिंक्वेंट्स’ हे शब्द होते. तिथे चोरी केलेली मुलं ठेवली जात आणि ज्यांचा गुन्हा एवढाच की त्यांना घर नाही, अशीही. शिकागोत १८९९ साली जगातलं पहिलं बालन्यायालय सुरू झालं. ज्यूलिया लॅथ्रॉप, ल्यूसी फ्लॉवर, जेन ॲडम्स अशा बायकांच्या खटपटीतून ते उभं राहिलं. मूल तुरुंगात मोठ्या कैद्यांबरोबर राहू नये, हा त्यांचा हेतू निर्मळ होता. त्या कायद्यातली व्याख्याही सुरुवातीला आटोपशीर होती: राज्याचा किंवा नगराचा कायदा मोडणारं, सोळा वर्षांखालचं मूल. पण आठ वर्षांत ती व्याख्या फुगत गेली. रात्री विनाकारण रस्त्यावर भटकणारं, रेल्वेच्या यार्डात हिंडणारं, चालत्या गाडीवर उडी मारणारं, तोंडात घाणेरडी भाषा असणारं मूलही डेलिंक्वेंट. हे वाचताना डोळ्यांसमोर एखादं चित्र आणा: वडील सकाळी पाचला कत्तलखान्यात कामाला गेलेत, आई दुसऱ्यांचे कपडे धुते आहे, आणि घरात बसायला जागा नाही म्हणून मूल यार्डात हिंडतं आहे. याच शिकागोतली ही घरं.

एका माणसाने मात्र व्याख्या उलटी फिरवली. डेन्व्हरचे न्यायाधीश बेन लिंडसी. त्यांच्या प्रयत्नाने कोलोरॅडो राज्यात १९०३ साली कायदा झाला की मुलाच्या गैरवर्तनाला हातभार लावणारा मोठा माणूसही शिक्षेस पात्र. पोराला दारू विकणारा गुत्तेवाला, चोरीचा माल घेणारा भंगारवाला, मुद्दाम दुर्लक्ष करणारा बाप. मला स्वतःला अमेरिकेच्या या साऱ्या इतिहासात शिकागोपेक्षा डेन्व्हर अधिक मोलाचं वाटतं. तिथे लॅटिन शब्द पुन्हा आपल्या जागी, मोठ्यांच्या अंगावर आला.

दयाळू हेतूने लावलेलं नावही किती महाग पडतं, हे १९६४ साली ॲरिझोनात दिसलं. फोनवर अश्लील बोलल्याच्या तक्रारीवरून जेराल्ड गॉल्ट या पंधरा वर्षांच्या मुलाला एकवीस वर्षांचा होईपर्यंत सुधारगृहात धाडलं गेलं. तोच गुन्हा मोठ्या माणसाने केला असता तर पन्नास डॉलरपर्यंत दंड किंवा फार तर दोन महिने कैद. मुलाला वकील नाही, आरोपाची नीट नोटीस नाही, कारण न्यायालय त्याच्या भल्यासाठीच बसलं आहे अशी समजूत. सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये हे रद्द केलं आणि मुलालाही वकिलाचा हक्क आहे हे सांगितलं.

आता आपल्याकडे येऊ. मुंबईत डोंगरीला निरीक्षणगृह आहे. लोकांच्या तोंडी अजून रिमांड होमच. ती जागा म्हणजे १८०४ सालचा उमरखाडीचा तुरुंग. कोल्हापूर प्रकरणातल्या बदनामीच्या खटल्यात १८८२ साली टिळक आणि आगरकर याच तुरुंगात होते. चार महिन्यांच्या शिक्षेतले एकशे एक दिवस भोगून ते सुटले, आणि आगरकरांनी त्या दिवसांवर पुस्तकच लिहिलं. महाराष्ट्राला ती जागा त्या पुस्तकामुळे ठाऊक आहे. पण पुढे तिथे मुलं आली, आणि त्यांच्यातल्या कुणी पुस्तक लिहिलं नाही.

मुलं आली त्याची कथा अशी. १८५० साली कंपनी सरकारने उमेदवारीचा कायदा केला. अनाथ किंवा किरकोळ गुन्ह्यात सापडलेल्या मुलाला तुरुंगाऐवजी एखाद्या कारागिराच्या हाताखाली बांधून द्यायचं. मुंबईत डेव्हिड ससून यांच्या देणगीतून मुलांची उद्योगशाळा उभी राहिली. १८६० च्या दंडसंहितेने सात वर्षांखालच्या मुलाचं कृत्य गुन्हाच नव्हे असं म्हटलं, आणि सात ते बारा या वयात मुलाची समज पुरेशी होती का ते पाहायला सांगितलं. हीच तरतूद आजच्या भारतीय न्याय संहितेत कलम २० आणि २१ म्हणून आहे. पण त्याच काळात, १८६४ साली, फटक्यांचा कायदाही आला आणि अल्पवयीनांना वेताने मारण्याची शिक्षा सर्रास होऊ लागली. मद्रास आणि बंगालच्या पाठोपाठ १९२४ साली मुंबई इलाख्याचा बालकायदा झाला. तो राबवण्यासाठी १९२७ मध्ये चिल्ड्रेन्स एड सोसायटी निघाली, आणि उमरखाडीच्या जुन्या भिंतींआड मुलांचं गृह आलं.

याच इतिहासाची एक बाजू बालकायद्यांच्या पुस्तकात सहसा सापडत नाही. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा. त्यात मुलाने काही करावंच लागत नव्हतं. ते त्या जमातीत जन्मलं की पुरे. १८९७ च्या दुरुस्तीने तर चार ते अठरा वर्षांच्या मुलांना आईबापांपासून तोडून वेगळ्या सुधार वसाहतीत ठेवण्याचा अधिकार सरकारला मिळाला. चार वर्षांचं मूल! त्याने कुठलं कर्तव्य टाकलं होतं? सोलापूरच्या सेटलमेंटभोवतीचं तारेचं कुंपण पाहिलेली माणसं आपल्या मागच्या पिढीपर्यंत होती. ३१ ऑगस्ट १९५२ ला कायदा गेला आणि या जमाती विमुक्त झाल्या. लक्ष्मण गायकवाडांच्या आत्मकथनाचं नाव ‘उचल्या’. उचलेगिरीवरून अख्ख्या जमातीला पडलेलं नाव त्यांनी स्वतःच्या हाताने मुखपृष्ठावर मांडलं. १९८८ साली त्या पुस्तकाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. पण गावात चोरी झाली की पोलिसांची जीप आधी कुठल्या वस्तीकडे वळते, हे या सभागृहातल्या पुष्कळांना ठाऊक आहे.

स्वातंत्र्यानंतरच्या कायद्यांची नावं मी भराभर घेते. १९६० चा बालकायदा, मग १९८६ चा बाल न्याय कायदा. त्याच वर्षी मुंबईच्या पत्रकार शीला बारसे यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांत डांबलेल्या मुलांविषयी खडे बोल सुनावले होते. १९८६ च्या कायद्याने मुलांच्या दोन राशी केल्या: उपेक्षित आणि अपचारी. एकाचा दरवाजा कल्याण मंडळाचा, दुसऱ्याचा न्यायालयाचा. कागदावर हे ठीक दिसतं. प्रत्यक्षात फलाटावर झोपणारा तोच मुलगा सोमवारी सापडला तर उपेक्षित, आणि मंगळवारी भुकेपोटी फळाच्या गाडीवरून दोन केळी उचलताना सापडला तर अपचारी. २००० च्या कायद्याने डेलिंक्वेंट हा शब्द मुलाच्या नावापुढून काढला. २०१५ च्या कायद्याने तर मुलाच्या कामकाजात आरोप करणारे, दोष चिकटवणारे शब्दच वापरू नयेत हे तत्त्व म्हणून कलम ३ मध्ये घातलं. मराठीत ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ असा शब्द तयार झाला. तो जिभेला जड आहे हे खरं. पण त्यात एक गोष्ट आहे जी ‘बालगुन्हेगार’ मध्ये नाही: नाम बालक आहे. कायद्याशी झालेला संघर्ष त्याच्या आयुष्यातली घटना आहे, त्याची जात नव्हे.

मंडळाची बैठक कशी चालते ते पुष्कळांनी पाहिलेलं नसतं. उंच चौथरा नसतो, साक्षीदाराचा पिंजरा नसतो. पोलीस गणवेशात येत नाहीत, बेड्या घालायच्या नसतात. एक दंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते, त्यांत एक तरी स्त्री, असे तिघे टेबलाशी बसतात. समोर येतो तो सामाजिक तपासणी अहवाल. त्याच्या नमुन्यात रकाने पुष्कळ. घरात कोण कोण, कमावतं कोण, मुलाला मारहाण होते का, शाळा कधी सोडली, का सोडली. आणि एक रकाना असा: मुलाचा कुणी मोठ्या माणसांनी किंवा टोळीने वापर केला का?

एका अहवालाविषयी सांगते. मुलाची ओळख पटेल असं काही सांगणार नाही. कलम ७४ प्रमाणे ते सांगताही येत नाही. बांधकामावरची तांब्याची वायर चोरली म्हणून पंधरा वर्षांचा मुलगा आला होता. जाळून वरचं प्लास्टिक काढताना त्याची बोटं भाजली होती. टेबलाखाली हात लपवून बसला होता. माल विकला भंगारवाल्याला. तो प्रौढ, पण पोलिसांच्या कागदात त्याचं नाव नव्हतं. शाळा का सोडली या रकान्यात परिविक्षा अधिकाऱ्याने लिहिलं होतं: आईवडील ऊसतोडीला. दिवाळीच्या सुमारास टोळीबरोबर जायचं ते उन्हाळा लागल्यावर परत. चौथीपर्यंत हे असं चाललं, मग शाळेनेच नाव काढलं. जामीन द्यायचा तर मुलाला कुणाच्या तरी ताब्यात द्यायला हवं. आईबाप कर्नाटकातल्या कारखान्यावर. मुकादमाची उचल फिटलेली नाही, म्हणून फड सोडून येता येत नाही. आम्ही तारीख दिली, कुणी आलं नाही. पुन्हा दिली. मुलगा निरीक्षणगृहातच राहिला. तिसऱ्या तारखेला त्याची म्हातारी आजी आली, रात्रभर एसटीत बसून. तिच्या हाती तो दिला.

या प्रकरणात कसूर मोजायला बसा. शाळेची, मुकादमाची, भंगारवाल्याची, त्याला मोकळं सोडणाऱ्या ठाण्याची. मुलाने वायर चोरली, हे खरंच आहे, आणि त्याचं उत्तर त्याने दिलं. बाकीच्यांना प्रश्नच विचारला गेला नाही.

कुणी म्हणेल, गरिबाच्या पोराचं ठीक आहे, पण जी मुलं माणसं मारतात त्यांचं काय? हा प्रश्न मी झटकून टाकणार नाही. डिसेंबर २०१२ मध्ये दिल्लीत सामूहिक बलात्कार आणि खून झाला, आरोपींत एक अल्पवयीन होता; त्यानंतर देशाचा जो संताप झाला, त्यातूनच २०१५ च्या कायद्यात सोळा ते अठरा वयाच्या मुलांना घोर गुन्ह्यांत प्रौढांप्रमाणे चालवण्याची वाट ठेवली गेली. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला भरधाव गाडीखाली दोन तरुण जीव गेले. गाडी सतरा वर्षांचा मुलगा चालवत होता असा आरोप, आणि जामिनाच्या अटींत तीनशे शब्दांच्या निबंधाची अट. लोक भडकले, आणि मेलेल्यांच्या आईबापांच्या जागी स्वतःला ठेवलं की त्या रागाला नाव ठेवता येत नाही. पण या संदर्भात एक कायदा पाहण्याजोगा आहे. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १९९-अ आलं आहे. अल्पवयीनाने वाहन चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजारांचा दंड. मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत परवाना नाही. डेन्व्हरच्या लिंडसींना हे कलम लगेच ओळखू आलं असतं. आपल्या गावातल्या शाळेच्या फाटकासमोर सकाळी साडेसातला उभं राहा. नववी-दहावीतली किती पोरं दुचाकीवर येतात ते बघा. त्या गाड्यांच्या किल्ल्या कुणी दिल्या?

शेवटी एक कामाची गोष्ट, कारण समोर वकील मंडळी दिसताहेत आणि शिक्षकही. बाल न्याय कायद्याचं कलम २४ असं की मंडळासमोर मुलाचं प्रकरण निकाली निघाल्यावर त्या निकालामुळे त्याला पुढच्या आयुष्यात कुठलीही अपात्रता लागू होत नाही, आणि अपिलाची मुदत किंवा नियमांत ठरलेला काळ संपल्यावर पोलिसांकडची व मंडळाकडची कागदपत्रं नष्ट करायची असतात. सोळा वर्षांवरच्या मुलाने घोर गुन्हा केल्याचं बालन्यायालयाने ठरवलं, तेवढा एक अपवाद. तरीही पोलीस भरतीला, सैन्यभरतीला उभी राहिलेली पोरं चारित्र्य पडताळणीत अडकतात, कारण ठाण्यातल्या रजिस्टरमधली नोंद कुणी काढलेलीच नसते. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्रीय दलाच्या भरतीतल्या अशाच प्रकरणात उमेदवाराच्या बाजूने निर्णय दिला. दिल्लीपर्यंत जाणं सगळ्यांना जमणार नाही, आणि गरजही नाही. जिल्ह्याच्या मंडळापुढे साध्या कागदावर अर्ज द्यायचा, प्रकरणाचा क्रमांक आणि निकालाची तारीख लिहायची, नोंदी नष्ट करण्याचा आदेश मागायचा आणि आदेशाची प्रत ठाण्यात पोहोच घेऊन द्यायची. ज्यांना नमुना हवा असेल त्यांच्यासाठी प्रती मी आणल्या आहेत. दाराशी टेबलावर ठेवल्या आहेत.